उंच कडबा

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सांजवेळ. चाकूर.

शेतातल्या पूजेच्या कोपीला, कडब्याच्या त्या खोपटाला, आईनं हट्टानं माझ्या प्रयोगातलाच कडबा मागितला. प्लास्टिकच्या घेरात जादा कार्बन डायऑक्साइड सोडून मागच्या रब्बीत वाढवलेली ती ज्वारी. डोक्याच्या वर गेलेली, उंच. पूजा झाली. उरलेली पेंढी आईनं गायीपुढं टाकली. गायीनं हुंगलं, मान फिरवली आणि आमचा घरचा बुटका कडबा ओढायला लागली.

"एवढा उंच हाय की, मंग खाईना का?"

आईला सोपं करून सांगितलं. त्या हवेनं ताटं उंच केली, पण मातीत नत्र होतं तेवढंच. तेच पातळ होऊन सगळ्या ताटांत पसरलं, चाऱ्यात कस राहिला नाही. यंदा तर त्या घेरात उंचीसुद्धा नाही. खालची पानं आत्ताच पिवळी पडून राहिलीत. मातीनं हात टेकले की काय?

"मंग बंद कर की ती हवा," आई म्हणाली.

"हाव," मी म्हणाले. घेरातली नळी उद्या बंद करता येईल. पण आम्ही आत सोडतो ती हवा कोणती, हे आईला सांगितलं नाही. माझी छकुली माझ्या वयाची होईल तेव्हा घेराबाहेर सगळीकडे असेल, तीच हवा.

छकुली तोच उंच कडबा गायीच्या तोंडाशी धरून बसली होती. "खा ना गं," म्हणत होती.