तुमच्या तोंडी घातलेला नकार

बाबा,

तुमच्याशी कागदावर बोलायची वेळ कधी आलीच नाही. मनात आलं की तुम्ही बीबीहून एसटीनं शेगावला यायचे, आमच्या दुकानाच्या पायरीवर वांग्यांची पिशवी ठेवायचे, चहा घ्यायचे आणि परत फिरायचे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण मागच्या आठवड्यात तो दुकानात येऊन गेला. तो म्हणजे साखरखेर्ड्याचा मास्तर, कविता करणारा.

तुम्हाला तो आवडायचा. विनाअनुदानित शाळेत बिनपगारी शिकवायचा, आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर, आणि सुटीच्या दिवशी मिळेल त्या गाडीनं आपल्या मळ्यात यायचा. तुम्ही मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधताय, मी त्यांच्यावर पाणी शिंपडतेय, आणि तो बांधावर बसून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या कविता वाचतोय. तुम्ही चौथी शिकलेले, पण हात न थांबवता सगळं ऐकायचे. एकदा मध्येच म्हणालात, "थांब बे. मेथीले मातीचा वास येते म्हनतं तू. मेथीले मेथीचाच वास येते. हुंगून पाह्य, अन् मंग लिही." त्यानं खरंच जुडी उचलून नाकाशी धरली. मी हसले, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तिथून ते सुरू झालं. पुढची दोन वर्षं मी लोणारच्या कॉलेजातून सुटले की तो स्टँडवर उभा असायचा. बोलायचा कमी, वाचून दाखवायचा जास्त. मला तेही आवडायचं.

मग एक दिवस तो मला त्याच्या आईला भेटवायला घरी घेऊन गेला. त्याची आई मागच्या दारानं शेजारी जाऊन वाटीत साखर घेऊन आली, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आम्ही चहा पीत होतो तेव्हा त्यानं खिशातून कागद काढला. नवी कविता होती. शेजारच्या दारात वाटी घेऊन उभ्या असलेल्या आईवरची. चांगली होती बाबा, तुम्हीही तिच्यात काही खोट काढली नसती. पण त्याची आई चुलीपुढे बसली होती, आणि तिनं पदर हळूहळू तोंडावर ओढून घेतला. तो वाचतच राहिला, डोळे चमकत होते. संपल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईकडे नाही. पुढं जी काही गरिबी भोगायची ती मला भोगता आली असती. पण माझंही असंच कधी परक्या पोरीपुढे वाचलं जाईल, आणि मी चुलीपुढे तोंड झाकून बसलेली असेन, हे मला त्या क्षणी दिसलं.

त्यानंतर चारच दिवसांनी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसलात. मी भाकरी थापत होते. "तुले तो पसंत असन तं सांग. पगार येईन तवा येईन. मी उद्याच जातो त्याच्या घरी." मी तव्याकडे पाहत म्हटलं, "नाई." तुम्ही विचारलं, "काऊन?" मला सांगता आलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी त्याला म्हणाले, "बाबा नाई म्हनतात."

त्यानं लगेच विश्वास ठेवला. तुमच्याशी येऊन एकदा बोलावं असंही त्याला वाटलं नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं, आता त्याचाच राग येतो.

त्या वर्षी गणपतीत आपल्या गावात कविसंमेलन होतं. तुम्ही पुढच्या रांगेत बसला होतात, त्याचं नाव पुकारल्यावर टाळ्याही वाजवल्यात. त्यानं जी कविता म्हटली तिच्यात पगारदार जावयासाठी पोरीला वांग्यासारखी तराजूच्या काट्यावर घालणारा एक भाजीवाला बाप होता. माणसं वळून वळून तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही उठला नाहीत. शेवटपर्यंत बसलात. घरी येऊन जेवलात, हात धुतलेत, आणि मला परसात बोलावलंत.

"तू सांगतलं त्याले, मी नाई म्हनलो म्हून?"

"हाव."

मला वाटलं तुम्ही मारणार. तुम्ही बराच वेळ गुळण्या करत राहिलात.

"मले आंधी सांगाचं व्हतं. मी टाळ्या तरी नसत्या वाजवल्या." मग म्हणालात, "राहू दे आता. माह्यावरच राहू दे. पोरीनं नाई म्हनलं तं सारं गाव काऊन-काऊन इचारते. बापानं म्हनलं तं कोनी नाई इचारत."

बाजारात तुम्हाला लोक त्यावरून बोलायचे, हे आईनं मला लग्नानंतर सांगितलं.

तर तो आला. केस पांढरे झालेत. अनुदान आलं, पण त्याची आई गेल्यावर. लग्न केलं नाही म्हणाला. पुस्तक निघालंय, ते द्यायला आला होता. तुमच्यावरची ती कविता पहिलीच आहे, लोक अजून आग्रहानं म्हणायला लावतात म्हणे. त्यानं विचारलं, "बाबा कसे आहेत?" गेले म्हटलं. तो म्हणाला, "मी त्यांना केव्हाच माफ केलं."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे जेवायला घरी गेले होते. मला अडवणारं तिथं कोणीही नव्हतं. मी म्हणाले, "चांगलं केलं."

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याचा नंबर आहे. दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. त्यानं आता काऊन विचारलं तर मला सांगता येईल, शब्द आहेत माझ्याकडे. पण नाही म्हणणारी मी होते हे त्याला कळू नये, ते तुमच्यावरच राहावं, असं मला अजूनही वाटतं बाबा.