गाडी कुणी थांबवायची

आबा,

माझी बदली झाली. इतकी वर्षं रूळ पाहिले, आता रेल्वेची गोदामं पाहते. हुद्दा तोच आहे आणि नव्या खोलीला खिडकी मोठी आहे, त्यामुळे कुणाला शिक्षा म्हणून सांगताही येत नाही. तुम्ही असतात तर चहाची बशी खाली ठेवून एवढंच विचारलं असतंत, ‘‘काय केलंस?’’ आई ते विचारत नाही. मी रजा घेऊन बारामतीला आले याचाच तिला आनंद. आत्ता दुपारची ती आत पडली आहे, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची ये-जा चालू आहे, आणि मी तुमच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटलाय की तुमचा आवाज आठवायला मला तुमचं एखादं रागाचं वाक्य आठवावं लागतं. रागाची वाक्यं बरी टिकतात.

तुम्हाला ती दिवाळी आठवत असेल. आपण इंदापूरकडच्या त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, तुम्ही बॉयलर हाऊसचे फोरमन होतात, आणि मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातून सुट्टीला आले होते. बॉयलर पेटवायच्या पूजेचा दिवस ठरला होता. मांडव पडला होता, पत्रिका गावोगाव गेल्या होत्या, ऊसतोडीच्या टोळ्या येऊन पाचटाच्या कोप्या घालून बसल्या होत्या. आणि पूजेच्या आदल्या दिवशी सरकारचे बॉयलर निरीक्षक जीपमधून उतरले. उंच, जरा वाकलेला, इकडच्या बोलीचा नसलेला माणूस. बॉयलरमध्ये पाणी भरून दाब चढवला, आणि दाब चढल्यावर टॉर्च घेऊन तो स्वतः खालच्या भट्टीत शिरला. बाहेर आला तेव्हा शर्टाला काजळी लागली होती. म्हणाला, ‘‘खालच्या बाजूच्या नळ्यांचा एक जोड पाझरतोय. पेटवायची परवानगी देता येणार नाही.’’

चेअरमन आले, संचालक आले. ऊस वाळतोय, टोळ्या बसून आहेत, पाहुणे बोलावलेत, सगळं सांगून झालं. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तेच वाक्य म्हणायचा. मग तुम्ही तुमचा नेहमीचा उपाय काढलात. मला म्हणालात, ‘‘जा, सायबाला जेवायला बोलीव. आईला म्हणावं बाजरीच्या भाकरी टाक, वांगं भाज.’’ मी गेले. तो लिंबाखाली जीपचं दार उघडं टाकून बसला होता, मांडीवर अॅल्युमिनियमचा डबा.

‘‘साहेब, आबांनी घरी जेवायला बोलावलंय.’’

‘‘मी डबा आणलाय.’’

‘‘मग पाणी तरी घ्या. उन्हाचं आलात.’’

‘‘पाणीही आणलंय,’’ तो म्हणाला. आणि मी तिथंच उभी राहिले तेव्हा जरा अवघडून म्हणाला, ‘‘आईंना सांगा, राग मानू नका. मी कुठल्याच कारखान्यावर घेत नाही.’’

संध्याकाळी तो निघून गेला आणि तुमचा संताप घरात आला. भाकरीचा तुकडा ताटात आपटून तुम्ही म्हणालात, ‘‘आपल्या घरचं पानी चालंना त्येला. इख घातलंय व्हय आमी त्यात?’’ आई भाकरी थापत राहिली. मीच तोंड उघडलं. ‘‘पण आबा, जोड पाझरत तर होता ना?’’

‘‘पाझरत न्हवता, घाम आलता लोखंडाला. पुस्तकं वाचून बॉयलर कळत न्हाय. आन् उद्या तू असल्या खुर्चीवर बसशील ना, तवा मान्सांच्या पोटाकडं बघून बस. कोप्यातली पोरं आज काय खात्यात, त्ये इचारलं का त्यानं?’’

तुमचं तेही खरं होतं. पूजा पुढे गेली. आलेल्या पाहुण्यांना परत पाठवताना चेअरमननी चारचौघांत तुम्हाला बोल लावला. नळ्या बदलल्या, निरीक्षक पुन्हा आला, पुन्हा दाब चढवला, पुन्हा आत शिरला आणि या वेळी परवानगी देऊन आपल्याच बाटलीतलं पाणी पिऊन गेला. हंगाम उशिरा सुरू झाला आणि उशिरा संपला. तो जोड तसाच पेटवला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच कधी कळलं नाही. तुम्हाला त्याचाच जास्त राग होता. काहीतरी फुटलं असतं तर निदान तो बरोबर होता असं तरी ठरलं असतं, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात, आणि आईनं तुमच्या तोंडावर हात ठेवला होता.

मग मला रेल्वेत नोकरी लागली. पहिल्या नेमणुकीला निघाले तेव्हा तुम्ही बारामती स्टेशनवर सोडायला आलात. गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या, कसलाही संदर्भ नसताना म्हणालात, ‘‘त्यो बॉयलरवाला सायब आठीवतो का गं? त्यो आपल्याकडं पानी प्याला असता, तर मी त्येला पटीवला असता. गोड बोलून, हाता-पाया पडून, कसंबी. मला येत हुतं त्ये.’’ मग रुळांकडं बघत म्हणालात, ‘‘बरं झालं प्याला न्हाय.’’ मी हसले होते. गाडीत बसल्यावर विसरूनही गेले.

आबा, आमच्या खात्यात सगळेच सगळ्यांचं पाणी पितात. वाईट अर्थानं म्हणत नाही. माझ्यावरचे साहेब माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात दिवसभर बसून होते. त्यांच्या घरी मी कितीदा जेवले आहे. गाड्या वेळेवर धावल्या नाहीत तर जाब त्यांना विचारला जातो, आणि एखादी गाडी हळू चालवा किंवा थांबवा असं मला वाटलं तर ते मला त्यांच्याच टेबलावर मांडावं लागतं. अपघात झाल्यावर चौकशी करणारे अधिकारी वेगळे आहेत, कडकही असतात. पण ते येतात तेव्हा गाडीचे डबे रुळांवरून खाली पडलेले असतात.

इथून लांब, मी काम करत होते त्या भागात एक उंच मातीचा भराव आहे, आणि त्यावरून रूळ वळणानं जातात. दोन पावसाळ्यांपासून तो भराव आतून बसतोय. वरून काही दिसत नाही. खडी टाकली, रूळ उचलून सरळ केले की महिनाभर सगळं सुतासारखं, मग पुन्हा एका बाजूला हळूच दबतं. मी तिथं उभी राहिले आहे. गाडी येते, पायाखालची माती एकदा श्वास घेतल्यासारखी हलते, आणि गाडी गेल्यावर ती पूर्वीच्या जागी येत नाही. मी लिहून दिलं की भराव खोदून पुन्हा बांधेपर्यंत इथून गाड्या अगदी हळू न्याव्यात. काही आठवडे तसं झालं. मग साहेबांनी बोलावलं.

‘‘मॅडम, डागडुजी झाली ना? मग अजून वेग कशाला अडवताय? मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात, मला रोज वरून फोन येतो.’’

‘‘सर, ती डागडुजी वरवरची आहे. भराव आतून गेलाय.’’

‘‘गेलाय म्हणजे? काही झालंय का आजवर?’’

तुमचाच प्रश्न होता तो, आबा, फक्त शुद्ध भाषेत. वेगाची मर्यादा उठली.

त्याच सुमारास सरकारनं मतं मागवली होती. साऱ्या देशाच्या रेल्वेवर सुरक्षेपुरती देखरेख ठेवणारी एक स्वतंत्र संस्था असावी का? गाड्या चालवणाऱ्यांच्या हाताखाली नसलेली, त्यांच्याकडून पगार आणि बढती न घेणारी, आणि मुख्य म्हणजे कुणाला न विचारता गाडी थांबवू शकणारी? आमच्या कार्यालयातून एक छापील उत्तर जायचं होतं, की आतली व्यवस्था पुरेशी आहे. साहेब म्हणाले, ‘‘तुमची सही हवी, रुळांचं तुम्हीच बघता.’’ मी सही केली नाही. माझं वेगळं मत जोडलं. त्यात तो भराव लिहिला आणि म्हटलं, की गाडी चालवणं आणि गाडी थांबवणं हे एकाच माणसाच्या हातात ठेवू नका, तो माणूस कितीही चांगला असला तरी. तो शेवटचा तुकडा मी साहेबांसाठी लिहिला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘एकदा फोन तरी करायचा होता.’’ रागापेक्षा दुखावल्यासारखे. लिहिताना कोप्यातली पोरं माझ्या डोळ्यांपुढं नव्हती असं नाही. खोळंबलेल्या गाड्यांत मजूर असतात, परीक्षेला निघालेली मुलं असतात, आजारी माणसं असतात. मी पोटाकडं बघूनच बसले होते. तरीही लिहिलं.

मग बदलीचा कागद आला. त्या संस्थेचं काय झालं विचाराल, तर विचार चालू आहे. वर्तमानपत्रात एक-दोनदा आलं, सभागृहात कुणी प्रश्न विचारला, उत्तर मिळालं. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. मी त्याला फोन करून भरावाबद्दल सांगितलं. तो आदरानं म्हणाला, ‘‘मॅडम, मी पाहून आलो, सध्या एकदम छान आहे.’’ यंदा तिकडं पाऊस उशिरापर्यंत राहिला आणि फार झाला. गाड्या तिथून पूर्ण वेगानं जातात. रोज जातात आणि रोज पोचतात. सकाळी उठल्यावर मी आधी फोनवर बातम्या पाहते. काही नसतं. काही नसलं की मला बरं वाटायला हवं, पण धास्ती फक्त दुसऱ्या दिवसावर सरकते. त्या माणसाला लिंबाखाली डबा उघडताना कसं वाटत असेल, ते मला आता कळतं. पण त्याच्याकडं नाही म्हणायचा अधिकार होता.

हे पत्र मी कुठं टाकणार? लिहून झालं की फाडीन, आईच्या हाती लागायला नको. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय उठवत नाही. तुमचा नातू तिकडच्या कॉलेजात शिकतो, उद्या सुट्टीला येतोय. त्याची वाट त्या भरावावरूनच आहे. परवा मी त्याला गाडीचं तिकीट रद्द करून बसनं यायला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘का गं? गाडीनं आम्ही सगळे एकत्र येणार होतो.’’ मी म्हटलं, ‘‘बस थेट बारामतीत सोडते, तेवढंच बरं.’’ तो कुरकुरला, पण ऐकलं त्यानं. त्याचे दोन मित्र मात्र गाडीनंच येतायत, एक सुप्याचा आणि एक शेळगावचा. आज संध्याकाळी बसतील. दोघांच्या आयांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत. जेवणं झाल्यापासून फोन मांडीवर घेऊन बसले आहे, आणि अजून कुणालाच लावलेला नाही.