पाइपाच्या तळाची रेती

३ फेब्रु., शिरड शहापूर
तलावातला गाळ पाण्यात कालवून पाइपानं शेतांवर सोडायचं आमचं काम परत अडलं. रेती तळाशी बसते, पाण्याला वाट कमी, दाब वाढतो. दोन वर्षं ही लाइन मी सांभाळून राहिले. आणि साहेबांनी बोलावलं कुणाला? रुपालीला. माझी कॉलेजची रूममेट. ह्याच विषयात पुण्यात डॉक्टरेट.

५ फेब्रु.
आली. आमच्याच घरी उतरली. आई म्हणे, "एवढी शिकली, पण गर्व न्हाई बघ पोरीला." हे मला काहून सांगायचं?

८ फेब्रु.
तिनं लाइनीत पारदर्शक पाइपाचा तुकडा बसवला. आत दिसलं. तळच्या रेतीवर लाटा, वरचा थर पाण्याबराबर सरकत चाललेला. मी आजवर तो थर सपाट, गप पडलेला धरून हिशेब केला. ती म्हणाली, "सरकणारी रेतीच पाण्याला जास्त अडवते गं." बराबर आहे. मला सुचायला पाहिजे होतं... जेवले नाही.

११ फेब्रु.
तिच्या हिशेबानं दाब कमी येतो, पाइपावरचं गेज जास्त दाखवतं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
कारण मला माहीत आहे. गाळ उपसायचं मशीन आता ओढ्याच्या तोंडाशी नेलंय, तिथली रेती भरड. तिचा नमुना तलावाच्या मधोमधचा, बारीक रेतीचा. ती विचारत नाही, मी सांगत नाही.

१२ फेब्रु.
गेजच बिघडलंय म्हणत साहेब तिच्या आकड्यावर पंपाचा वेग वाढवायला निघाले. पाइपाच्या जोडाशेजारीच बाया हळद काढत होत्या. मी पळत गेले. "थांबा साहेब. ओढ्याची रेती भरड आहे. जोड उडेल."
रुपालीनं तिथंच बांधावर बसून हिशेब पुन्हा केला. गेजशी जुळला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमी होता म्हणून वाचलो."
"मी नाही, सरितानं सांगितलं."
तोवर साहेब फोनवर.

१६ फेब्रु.
गाळ पातळ करून सोडतो. लाइन चालू. रुपाली गेली. जाताना म्हणाली, "पेपर दोघींचा लिहू. तुझं नाव आधी." ते ऐकून जास्तच जळफळाट. द्यायलाही हीच पुढं.

१९ फेब्रु.
तिचे फोन उचलत नव्हते. आज आईनं उचलून हातात दिला. पुण्याकडं एका तलावावर असंच काम निघालंय, येतेस का म्हणे. मी विचारलं, "तिथली रेती कशी आहे?"
"मला कुठं माहीत," म्हणाली. "येऊन तूच सांग."