पोत्यातला ताप

कार्ले, दि. २ जून २०२५

चि. समीक्षा हिस, आबाचे अनेक आशीर्वाद.

निलेश रोज पहाटे फुलांची गाडी घेऊन पुण्यास जातो. त्याच्याच हाती हे पत्र देत आहे. तू पाठवलेली यंत्राची पेटी त्याने काल सुखरूप पोचवली. तुझ्या सूचना मी तीनदा वाचल्या: एकदा आशयासाठी, दोनदा शुद्धलेखनासाठी. चार चुका आहेत. यादी सोबत जोडली आहे. मूळ पाटीवर दुसरी पाटी डब्याच्या कप्प्यासारखी बसते आणि तिच्या खोबणीत ऊब मोजणाऱ्या संवेदकाची तार नुसती खोचायची, हे वाचून मी एकटाच हसलो. त्या वरच्या पाटीस तू ‘शील्ड’ म्हणतेस. मी ‘जोडपाटी’ म्हणणार.

आपल्या जुन्या आंबेमोहोराचे बियाणे एक पायलीच उरले आहे, हे तू जाणतेसच. गेल्या हंगामात रानडुकरांनी खाचर लोळवले, आणि गावात सर्वत्र इंद्रायणी भात असल्यामुळे मागायला दुसरे घर नाही. हे बियाणे वाया गेले, तर वाणच संपला. आज ते भिजत घातले आहे. उद्या पोत्यात बांधून, पेंढ्याखाली दाबून मोड आणायचे. ऊब कमी पडली तर मोड येत नाहीत, अधिक झाली तर दाणा मरतो. आजवर ही ऊब माझी थोरली बहीण सरुबाई पोत्यात हात घालून सांगत आली. तिने यंत्र उलटसुलट पाहिले आणि ह्याला हात कुटं हाईत, असे विचारले.

कळावे. लोभ आहेच, तो दीर्घ असावा.
तुझा आबा

पुणे, ३ जून

ती. आबांस, समीक्षाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

चार चुका मान्य. परीक्षा चालू आहे, म्हणून फोन मैत्रिणीकडे, अनघाकडे ठेवलाय. तेव्हा पत्रच लिहा.

शील्ड दाबताना सगळे पाय भोकांत गेलेत ना, ते आडवं धरून बघा. एक जरी वाकला तरी यंत्राचा रुसवा. सेन्सरची तार ‘ए-शून्य’ लिहिलेल्या खोबणीत. चाळीस अंशांच्या वर गेलं की शिट्टी वाजेल. आत्याआजीला सांगा, त्याला हात नाहीत, पण ते रात्रभर जागं राहतं आणि तंबाखू मागत नाही.

कळावे, आणि माझ्या चुकांसकट लोभ असू द्यावा.
तुमची समीक्षा

कार्ले, दि. ४ जून, पहाटे

चि. समीक्षा हिस आशीर्वाद.

संकट आहे, म्हणून वाक्ये लहान लिहितो. काल यंत्राची यथासांग पूजा केली. हळदकुंकू वाहिले, ओल्या अक्षता टाकल्या, नारळ फोडला. नारळाचे पाणी मी स्वतः शिंपडले. सरुबाईस यंत्रास हात लावू दिला नाही. जोडणी तुझ्या सूचनेबरहुकूम केली.

आज पहाटे शिट्टी वाजली. अंक एकसष्ट! मी विहिरीच्या पाण्याची बादली घेऊन धावलो. सरुबाईने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि म्हणाली, “यंत्राला ताप आलाय, भाताला न्हाई.” मी तिला विज्ञान सांगू लागलो. तिने पोत्याला मिठी मारली. पोरीचं पत्र येईस्तोवर हितनं उठायची न्हाई, म्हणते. सत्तर वर्षांचा मी, शहात्तर वर्षांची ती, मध्ये पोते आणि वर शिट्टी. निलेश थांबला आहे. बादली भरलेलीच आहे. ओतू की नको?

त्वरित उत्तर यावे. लोभाचे मागाहून पाहू.
आबा

पुणे, ४ जून

ती. आबांस घाईचा नमस्कार.

ओतू नका! आत्याआजीला उठवू नका!

आबा, नारळपाणी? शील्डवर? खोबणीत ती क्षारांची ओल शिरली की यंत्राला ऊब वाढल्यासारखी भासते. खात्री करायची तर सेन्सर पोत्यातून काढून काखेत धरा. साठ दाखवलं तर एक तर यंत्र चुकलंय, नाहीतर तुम्ही उकडला आहात. मग वीज बंद करा, शील्ड उपसा, स्पिरिटच्या बोळ्याने पाय न् खोबण्या पुसा, पूर्ण सुकल्यावर परत बसवा. निलेशदादा मला बघून हसतोय, कारण मी रस्त्यावर उभी राहून हसतेय.

कळावे, लोभ असावा, बादली नसावी.
समीक्षा

कार्ले, दि. ६ जून

चि. समीक्षा हिस अनेकोत्तम आशीर्वाद.

माझी काख बासष्ट अंश निघाली. सरुबाईने ती सर्वांना सांगितली; काल कामशेतच्या बाजारात एका अनोळखी गृहस्थाने माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

जोडपाटी पुसली, सुकवली, बसवली. पोते पस्तीस अंश. मी बादलीतील पाणी तुळशीस घातले. आज सकाळी पोते सोडले: दाण्यादाण्यास पांढरा मोड, शिजलेला एकही नाही. हे वाक्य मी तीनदा वाचले, शुद्धलेखनासाठी नव्हे. दुपारी रोपासाठी वाफ्यात पेरणीही झाली. वाण राहिला.

दोन दिवस यंत्राचे अंक पाहून सरावलेल्या सरुबाईने पोते सोडण्यापूर्वी स्वतःहून परीक्षा मांडली. आधी हाताने अंक सांगायचा, मग यंत्राने. तीन वेळा दोघांचा अंक तंतोतंत जुळला. मी टाळ्या वाजवल्या. चौथ्या वेळी एका अंशाचा फरक पडला. तिने हात पदराला पुसला आणि तुला लिहायला सांगितले आहे की, पुण्याहून येशील तेव्हा यंत्र दुरुस्त करून दे.

कळावे. दोघांचाही लोभ आहे. एकीचा एक अंशाने अधिक.
आबा