दर रविवारी जीप सुरू करणे

३ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी निघायचं. खिंड ओलांडून डोंगरापलीकडच्या तळ्यापर्यंत. सगळा कच्चा रस्ता, दोन मुक्काम तंबूत. मूळ आयडिया पैलवानाची. तो ऑगस्टमध्ये गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. वजन बावन्न किलो, म्हणून नाव पैलवान. तर आता लीडर मी. कोणी निवडलं नाही, पण कोणी नकोही म्हणालं नाही.

जीप त्याचीच न्यायची. आम्हा बाकीच्यांच्या गाड्या म्हणजे डांबरावरच्या सुना, खड्डा दिसला की रुसतात. जीप नुसती उभी राहिली तर बॅटरी बसते, म्हणून मी दर रविवारी सकाळी त्याच्या घरी, वहिनींकडे जाऊन इंजिन सुरू करतो. आजही केलं. वहिनींनी खिडकी लावून घेतली. धूर जात असणार. पुढच्या वेळी जीप थोडी पुढे घ्यावी.

५ फेब्रुवारी, मंगळवार
व्हॉट्सॲपवर नवीन ग्रुप काढला. नाव ‘खिंड’. मेंबर तीन : मी, डेंटिस्ट आणि मास्तर. चौघांचा जुना ग्रुप आहे, पण त्यात शेवटचा मेसेज पैलवानाचा आहे. ‘पोचलो की फोन करतो.’ त्याच्याखाली आपलं काही लिहावंसं वाटत नाही.

डेंटिस्ट म्हणाला, बघू. म्हणजे होकार. मास्तरांनी नुसता अंगठा पाठवला. गणित शिकवणारा माणूस, मोजकंच बोलणार. टीमचा उत्साह दांडगा आहे.

१० फेब्रुवारी, रविवार
जीप एका झटक्यात सुरू झाली. ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला, फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून. जीपची. वहिनी ओल्या हातांनीच धावत दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि तशाच आत गेल्या. बरं वाटलं असेल त्यांना. आपल्या माणसाची गाडी कोणीतरी जपतंय, एवढा तरी आधार.

चहाला बोलावलं नाही. तसंही मी आत जात नाही. बूट काढा, बूट घाला, उगीच वेळ जातो.

१३ फेब्रुवारी, बुधवार
दुकान बंद करायच्या सुमारास शोरूममध्ये तंबू उभारायची प्रॅक्टिस केली. अडचण अशी की टाइल्समध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत. दोऱ्या टाइल्सच्या खोक्यांना बांधल्या. आत जाऊन पडलो. छान वाटलं. तेवढ्यात एक बाई आल्या, म्हणाल्या, बाथरूमसाठी काहीतरी दाखवा. तंबूतून बाहेर येताना पाय अडकला आणि फिकट निळ्या टाइल्सचं एक खोकं गेलं. बाईही गेल्या.

तंबू उभारता येतो हे मात्र सिद्ध झालं.

१७ फेब्रुवारी, रविवार
जीप ठीक. खिडकी आधीपासूनच बंद होती.

मास्तर म्हणतात, गुडघा दुखतो. मी म्हटलं, डोंगर जीप चढणार आहे, तुमचा गुडघा नाही. ते म्हणाले, तसं नाही रे. मग कसं, ते काही सांगेनात. डेंटिस्टला विचारलं तर तो म्हणाला, पेशंट तोंड उघडून बसलाय, नंतर बोलू. नंतर बोलला नाही. एप्रिलच्या तारखा मोकळ्या करण्यात गुंतला असणार.

२४ फेब्रुवारी, रविवार
ट्रायल. दोघांना अक्षरशः घरून उचललं. गावाबाहेर ओढ्याचं कोरडं पात्र आहे, तिथे जीप घातली. चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोरचा दांडा मी योग्य दिशेलाच ओढला होता, पण त्या दांड्याला वाकडी खोड आहे. पुढची चाकं वाळूत रुतली. काढायला गेलो, मागचीही रुतली. डेंटिस्टने धक्का दिला आणि पाठ धरली. शेवटी एका दुधाच्या गाडीने दोर लावून ओढून काढलं. दूधवाला जाईपर्यंत हसत होता.

त्याआधी आम्ही बराच वेळ वाळूत बसलो होतो. मास्तर म्हणाले, पैलवान असता तर एव्हाना आपण घरी असतो. डेंटिस्ट उठून लांब जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. हा असला निगेटिव्ह ॲटिट्यूड खिंडीत चालणार नाही. दोघांशी बोलावं लागेल.

एकंदरीत ट्रायल यशस्वी.

२६ फेब्रुवारी, मंगळवार
बायकोने जेवताना विचारलं, तुम्ही त्याच्यासाठी एकदा तरी रडलात का हो? मी म्हटलं, विषय स्लीपिंग बॅगचा चालला आहे. ती म्हणाली, तोच चालू दे मग. आणि आमटी न वाढताच उठली.

मी प्रॅक्टिकल माणूस आहे. प्रत्येकाने रडत बसायचं ठरवलं तर बॅटरी कोण चार्ज करणार?

३ मार्च, रविवार
वहिनी आधीच पार्किंगमध्ये येऊन उभ्या होत्या. एक हात बॉनेटवर. म्हणाल्या, भाऊजी, आज सुरू करू नका. मी त्यांना बॅटरीचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बसली तर बसू दे. दर रविवारी इंजिनचा आवाज आला की मला वाटतं, हे आले. दर वेळी वाटतं हो. हातातलं टाकून मी दारापर्यंत येते. आणि मग तुम्ही दिसता.

मी रुमालाने जीपचा आरसा पुसला.

त्या म्हणाल्या, बुधवारी जीप एक नर्सरीवाला घेऊन जाणार आहे. रोपं न्यायला लागते त्याला. मी म्हटलं, आणि आमची ट्रिप? त्या म्हणाल्या, कुठली ट्रिप?

त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. एवढी तयारी केली, पण ज्यांची जीप, त्यांना विचारायचं राहून गेलं.

चावी दिली आणि चालत घरी आलो. संध्याकाळी बायकोने विचारलं, आपली गाडी कुठेय? वहिनींच्या फाटकासमोर राहिली होती. तीच जाऊन घेऊन आली. बराच वेळ लागला तिला. डोळे लाल होते. मी विचारलं नाही.

४ मार्च, सोमवार
डेंटिस्टला माहीत होतं. मास्तरांनाही. नर्सरीवाला मास्तरांनीच गाठून दिलेला. मी फोनवर वाट्टेल ते बोललो. त्याच्या वस्तू विकायची तुम्हाला फार घाई झाली, म्हणालो. मास्तर शांतपणे म्हणाले, वहिनी तुझ्यासमोर सहा महिने गप्प बसल्या, कारण तुला वाईट वाटू नये. आम्हीही त्याचसाठी हो ला हो करत होतो.

मी फोन ठेवला. मला कशाचं वाईट वाटणार होतं?

भाड्याने जीप मिळते. ट्रिप होणार. एकटा गेलो तरी लीडर लीडरच असतो.

१० मार्च, रविवार
सवयीने लवकर जाग आली. गाडीपर्यंत जाऊन परत आलो. भाड्याच्या जीपचा नंबर शोधायचा होता, तो उद्या शोधीन. दुपारी तंबू पिशवीत कोंबायचा प्रयत्न केला. आला त्या घडीत तंबू पुन्हा मावत नाही, ही कंपनीची चूक आहे.

१२ एप्रिल, शुक्रवार
निघायचा दिवस. भाड्याच्या जीपचा नंबर शोधायचा राहिला. दुकान उघडलं नाही. बायको म्हणाली, कुठेतरी जाऊन तरी या.

शोरूममधून दोन टाइल्स उचलल्या आणि वहिनींकडे गेलो. जीप उभी असायची तिथे फरशीवर ऑइलचा मोठा डाग आहे, ती फरशी फोडून मी नवीन बसवून देतो, असं सांगायचं ठरवलं होतं. तसं सांगितलं. टाइल्स पुढे केल्या. करडी की पांढरी, विचारलं.

वहिनींनी टाइल्सकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, भाऊजी, काही काम नसलं तरी येत जा. आणि दारातून बाजूला झाल्या.

बूट काढले. आत गेलो. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्याचा चष्मा टीव्हीजवळ तसाच होता, एक काडी उघडी. मी सोफ्यावर बसलो, टाइल्स मांडीवर घेऊन. आणि मला रडू आलं. थोडंथोडकं नाही, टाइल्स हलायला लागल्या इतकं. वहिनींनी मांडीवरच्या टाइल्स काढून घेतल्या, टेबलावर ठेवल्या, आणि पंखा लावला.

नंतर आम्ही चहा घेतला. साखर जास्त झाली होती. दोघांनीही सांगितलं नाही.

डेंटिस्टला आणि मास्तरांना कळवायचं आहे की ट्रिप रद्द. त्यांना बहुतेक माहीत असेल.