सुभेदाराच्या टाकीत दुसरा मासा

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर
९ डिसेंबर

तीर्थस्वरूप उषाताईंच्या चरणी मानसिंगचा दंडवत. (गुडघा वाकत नाही, तेव्हा लेखीच मानून घ्यावा.) इंदूरला थंडी कशी आहे, साखर किती निघाली, नवी कवळी तोंडात बसली की अजून डबीतच असते, सगळं सविस्तर कळवा. आम्ही उभयता खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल फक्त दुर्गा आहे.

ताई, स्पष्टच लिहितो. गेले तीन आठवडे ह्या घरात जे चाललंय, त्याला तुम्ही जबाबदार आहात. दिवाळीत तुम्ही आलात, बैठकीतल्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे उभ्या राहिलात आणि म्हणालात की एकटा जीव ठेवणं पाप आहे, ह्याला जोडीदार आण. थोरल्या बहिणीचा शब्द मी मोडणार कसा? दुर्गानं तर टाकी आली त्याच दिवशी मला देवासमोर उभं करून वदवून घेतलं होतं की मासा एकच, दुसरा नाही. पण नणंदेची आज्ञा म्हटल्यावर तीही गप्प बसली.

चिरंजीव उत्कर्ष नोकरीला पुण्याला गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात राहून मी ह्या शहराला गोडं पाणी पाजलं (हजीरा भागातली मंडळी हे कबूल करणार नाहीत, ती गोष्ट वेगळी) आणि आता म्हातारपणी घरात बसून बादलीत मीठ ढवळतोय. पण सुभेदारासाठी मी ते आनंदानं केलं. काय तो मासा! नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, चाल अशी की जणू परेड पाहायला निघालाय. माझ्या बोटांतून खायचा, मी बोलत असलो की काचेशी येऊन ऐकायचा. तीन वर्षं मी त्याला घरातला दुसरा पुरुष समजत होतो.

फूलबागेकडच्या दुकानदाराला मी मोबाइलवर सुभेदाराचा फोटो दाखवला आणि ह्याच्यासाठी छानशी मादी दे म्हणालो. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अंकल, मादा तो यही है! बचपन में सब नर होते हैं. जो सबसे दबंग निकला, वो मादा बन जाता है. आप छोटावाला नर ले जाओ." भर दुकानात, ताई! घरी येऊन हे सांगितलं तर दुर्गा पोळी लाटता लाटता इतकी हसली की तव्यावरची जळून गेली.

तो छोटा मी पिशवीतल्या पाण्यासकट मांडीवर घेऊन ई-रिक्षानं आणला. लगेच टाकीत सोडायचा नसतो. आधी पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, मग बारीक नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब त्याच्या भांड्यात. दीड तास मी नळी धरून बसलो होतो. (माझ्या लग्नात माझीसुद्धा इतकी सरबराई झाली नव्हती.) मग दुर्गाची तांदूळ धुवायची प्लास्टिकची चाळणी टाकीत बसवून त्यात त्याला आठ दिवस ठेवला, म्हणजे दोघांची ओळख होईल आणि मारामारी होणार नाही. सुभेदार (आता सुभेदारीण म्हणू का?) आठही दिवस चाळणीला धडका मारत होती.

नवव्या दिवशी सोडला. पाच मिनिटांत त्याच्या शेपटीचा कोपरा गायब! मी हात घालून मध्ये पडलो तर सुभेदारीण माझ्याच बोटाला चावली. ताई, ज्या बोटातून तीन वर्षं खाल्लं, त्याच बोटाला! मी उत्कर्षला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, सगळे दगड हलवून टाका, तिला स्वतःचा इलाका ओळखू येता कामा नये." म्हणून कोपरापर्यंत हात बुडवून मी दगड हलवले, तिची झोपायची मातीची कुंडी ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. छोटा तेवढ्यात आडवा पडून थरथर कापायला लागला. मला वाटलं, संपलं. त्याला मी आणला होता, स्वतः होऊन तो आला नव्हता. मी दुर्गाला हाक मारली. ती हात पुसत आली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "मरत नाहीये तो. 'बाईसाहेब, चुकलं' म्हणतोय."

आणि तसंच निघालं! असं कापून दाखवणं ही त्यांच्यात शरणागती असते म्हणे. दोन दिवस त्यानं हाच धंदा केला, तिसऱ्या दिवशी दोघं एकाच कुंडीत शिरली. आता मी काचेपाशी गेलो, बोललो, टिचकी मारली, तरी कोणी वळून पाहत नाही. हे तुमच्या एका वाक्याचं फळ. कळावे, लोभ आहेच. मात्र तो सध्या थोडा आखडलाय.

आपला धाकटा,
मानसिंग

ता. क. दुर्गाचा फोन आला तर जोडीदाराची गोष्ट तुम्हीच बोललात म्हणून सांगा. वास्तविक तुम्ही टाकीपुढे उभं राहून "हा झोपतो कधी?" एवढंच विचारलं होतंत. बाकीचं मी घातलं. चाळणीचंसुद्धा तुमच्याच नावावर आहे. पत्र वाचून फाडून टाका.

ता. क. २ ताई, सा. न. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, ते वाचल्याशिवाय कसं टाकणार? तुमचा शब्द म्हणून जे सांगत होते, ते खोटं आहे हे मला त्याच दिवशी समजलं होतं, पण मी होऊ दिलं. दिवसभर त्या माशाशी बोलत बसायचे, मला वाटलं त्याला सोबत मिळाली की हे माझ्याशी चार शब्द बोलतील. बोलतात आता. सकाळी सहापासून बोलतात. संक्रांतीला तुम्ही याच, आणि परतीची तिकिटं दोन काढा, एक तुमचं, एक ह्यांचं. — दुर्गा