खिळ्यावरचा बेल्ट

प्रिय बाबा,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तू ‘बरं बरं’ म्हणत विषय हवापाण्यावर नेला असतास आणि मीही नेऊ दिला असता. म्हणून लिहितेय. आधी चष्मा शोध, खुर्चीवर नीट बस, आणि पत्र मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस.

तू पाठवलेल्या नर्सबाई सोमवारी आल्या. अकरा वर्षांची पांढरी गाडी, मागच्या सीटवर बँडेजची खोकी, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि कुणा पेशंटने बळेबळे दिलेली एक फुलदाणी. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधतात, दिवसाला वीस-बावीस घरं होतात म्हणाल्या. बदली होऊन इकडे आल्या आणि आता नवा मेकॅनिक कुठे शोधू म्हणून रडकुंडीला आल्या, तेव्हा तू माझा पत्ता दिलास. तू सापडण्याआधी त्यांनी म्हणे पाच गॅरेजं पालथी घातली होती. बाईमाणूस दिसली की जो तो इंजिनच खाली उतरवायला निघतो, तुमचे वडील तेवढे सरळ निघाले, असं त्या म्हणाल्या. तुझं कौतुक ऐकायला मी पाना बाजूला ठेवला. खरं सांगते, माझी मान ताठ झाली होती.

त्या येण्याआधी तुझा फोन आला होताच. वॉटर पंप गळतोय, बदलून दे, आणि एवढं उघडतेसच तर टायमिंग बेल्टही नवा टाकून दे, असं तू म्हणालास. गाडी आल्यावर मला जरा नवल वाटलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे, बेल्ट बदलल्याची तारीख दोनच वर्षांपूर्वीची. इतक्या लवकर कशाला, असं मी तुला परत फोन करून विचारलं, तर तू म्हणालास, पंपाचं पाणी बेल्टवर गेलं की त्याचा भरवसा नाही. ते खरंच आहे. मी मान्य केलं आणि विसरून गेले.

मग नर्सबाईंनी डिकीतून एक कापडी पिशवी काढली. तू बदललेला जुना बेल्ट त्यांनी दोन वर्षं जपून ठेवला होता. तुझी ती पद्धत आठवते ना? आठवते काय, तुझी ओळखच ती. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याला बघता येतं की आपण खरंच बदलला. दुसरी गॅरेजवाली मंडळी तुला हसायची, भंगार वाटणारा मिस्त्री म्हणायची. मी मात्र माझ्या गॅरेजमध्ये पहिल्या दिवसापासून तेच करते. माझ्याकडे आहे ते सगळं तुझंच उचललेलं आहे, चहा बशीत ओतायची सवयसुद्धा.

बेल्टच्या कव्हरचे स्क्रू हलेनात. दोन वर्षांपूर्वी उघडलेले स्क्रू असे बसत नाहीत, वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल जमून त्यांचा दगड झाला होता. तरी मी स्वतःची समजूत घातली. आत तू नेहमी पांढऱ्या रंगाने तारीख लिहितोस, ती नव्हती. पुसली गेली असेल, म्हटलं. मग बेल्ट दिसला. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा बेल्ट, बाबा. पाठीवर आडव्या भेगा, एका कडेचे दोरे सुटलेले, वर पंपाचं पाणी. मी एकोणीस वर्षांची असताना तू माझे दोन्ही हात समोरासमोर धरून पुढेमागे नाचवले होतेस. हा पिस्टन, हा व्हॉल्व्ह, बेल्ट आहे तोवर हे दोघं तालात, तो तुटला की एकमेकांवर आदळणार आणि इंजिन भर रस्त्यात मरणार, असं शिकवलं होतंस. नर्सबाई अशा गाडीतून दोन वर्षं फिरल्या. ट्रक मागे लागलेल्या त्या मोठ्या रस्त्यावरून रोज.

मग पिशवीतला बेल्ट कुठला? मी तो नव्याशेजारी धरला. वीतभर आखूड. दाते मोजले, अठरा कमी. या गाडीला तो कधी बसलाच नसता. उलटा केला आणि पाठीवर पांढऱ्या रंगाची बरोबरची खूण दिसली, वाकडी, शेवटी ओघळलेली. माझ्याच हातची. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने उतरवलेला बेल्ट. तू तो तुझ्या टेबलावरच्या खिळ्याला टांगला होतास आणि सगळ्यांना बजावलं होतंस की याला कुणी हात लावायचा नाही. मागच्या वेळी मी आले तर त्या खिळ्यावर कॅलेंडर. मी विचारलं, तर तू म्हणालास, धूळ बसत होती, आत कपाटात ठेवलाय. मी बापडी खुश झाले, की बाबा किती जपतो.

तिथेच एका जुन्या टायरवर मी बसले आणि रडले. माझं काम अडकून पडलं. गॅरेजमध्ये तुला मिस्त्री म्हणून अहो-जाहो करणारी आणि घरी आल्यावर तुझ्या पाठीवर चढणारी मी, आणि मलाच तू असं फसवलंस. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा कुठलाही जुना बेल्ट दिला असतास तर मी त्याला लबाडी म्हटलं असतं. हा दिलास, याला काय म्हणू?

काल काकूला फोन केला. तिला घोळात घेऊन बोलतं केलं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली, हे मला आत्ता कळतंय. शर्टाचं बटण लागेना, म्हणाली. म्हणजे बेल्टच्या खुणा जुळवणं तर दूरच. तू कव्हरला हात घातला असशील, स्क्रू हलला नसेल, समोर बाकावर नर्सबाई विश्वासाने बसलेल्या, आणि तुझ्या तोंडून ‘जमत नाही’ एवढे दोन शब्द निघाले नसतील. हे मी समजू शकते. मी तुझीच मुलगी आहे, हट्ट मलाही कळतो. पण मी बसने चाळीस मिनिटांवर होते. एक फोन केला असतास तर जेवण सोडून आले असते, आणि श्रेयही तुलाच देऊन परत गेले असते. तू मला दर रविवारी ‘सगळं झकास’ सांगत राहिलास.

याहून जास्त लागलं ते निराळंच आहे. पंपापर्यंत पोचायला बेल्टचं कव्हर उघडावं लागतं, हे तुला माहीत होतं. मी उघडणार, बघणार, हे माहीत होतं. तरी नर्सबाईंना माझ्याकडेच पाठवलंस. म्हणजे मी गुपचूप नवा बेल्ट टाकेन, तुझी अब्रू झाकेन आणि आपल्या दोघांत कधी विषयसुद्धा निघणार नाही, असा तुझा हिशोब. तू मला गृहीत धरलंस, बाबा. आणि तो हिशोब बरोबर ठरायला आलाच होता. नर्सबाईंनी बेल्ट कसा होता विचारलं, तेव्हा मी म्हणाले, ठीक होता, पंपाचा एक भाग यायचाय, गाडी शनिवारपर्यंत राहू द्या. भाग कधीच आला होता. गिऱ्हाइकाशी मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

पहिल्यांदा कधी, ते तुला सांगायला नको. टेलरकाकांच्या गाडीत मी जुनीच पुली ठेवली होती, सगळं नवं टाकलं म्हणून सांगितलं होतं. नव्या पुलीचा डबा तुला फळीवर सापडला. तू ओरडला नाहीस. हात धुवायला लावलेस आणि मला चालत त्यांच्या दुकानापर्यंत नेलंस. वाटेत मी तुझी किती विनवणी केली, तूच सांग ना म्हणून. तू फाटकाशी थांबलास. आत मी एकटी गेले. टेलरकाका तोंडात टाचण्या धरून ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, उद्या सकाळी गाडी आणतो. एवढंच. बाहेर आले तर तू उन्हात तसाच उभा होतास, टोपीसुद्धा न घालता. परत आल्यावर तुझ्या कपातला अर्धा चहा मला दिलास. त्या दिवशी मी मेकॅनिक झाले असं मला वाटतं, तो बेल्ट उतरवला त्या दिवशी नाही.

नर्सबाईंची गाडी तयार आहे. पंप नवा, बेल्ट नवा, कव्हरच्या आत तारीख घातलीय. त्यांचा काढलेला बेल्ट टेबलावर ठेवलाय, तो त्यांच्या हातात द्यायचाय, आणि कोणाच्या तरी तोंडून त्यांना कळायला हवं की हा आत्ता निघाला. त्या शनिवारी चार वाजता येतील. तू तीनच्या बसने ये. आणखी कुणाच्या गाडीत असं राहून गेलं असेल तर वाटेत आठव, त्या गाड्या आपण मिळून उघडू, खुणा तू दाखव, पाना मी धरते. पण नर्सबाईंना मी काही सांगणार नाही, तूच सांगायचंस. तू आला नाहीस तर मात्र मलाच सांगावं लागेल, आणि ते मी तुला कधी माफ करू शकेन असं वाटत नाही. आत तू एकट्याने जा. मी फाटकाशी उभी असेन, कितीही ऊन असलं तरी.

तुझीच,
अजूनही तुझ्या हाताखालची